नाकातले सात छर्रे

डबीत शिशाचे सात छर्रे होते. सातही. त्याने बोटाने एकेक बाजूला सारून पुन्हा मोजले... सात. आणि टेबलावर ते प्लॅस्टिकचं छोटं प्रवासी विमान — दोन महिन्यांचं काम, पांढऱ्या रंगाचे तीन हात, निळा पट्टा, खिडक्यांच्या केसाएवढ्या कडा — शेपटीवर बसलेलं, नाक वर करून, खायला मागणाऱ्या कुत्र्यासारखं.

नाकात वजन भरायचं आणि मगच धडाचे दोन भाग चिकटवायचे, नाहीतर तीन चाकांचं विमान मागे कलंडतं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माणूस विसरतो, होतं असं... पण सूचनापत्रकावर तिसऱ्या पायरीपुढे — नाकात सात छर्रे भरा — पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. त्याच्याच हातची, शेवट जरा वाकवलेली. चौतीस वर्षं कारखान्यात तो अशीच खूण करत आला होता. तिथे त्याला भिंग म्हणायचे. भिंगाची खूण दिसली की माल डोळे मिटून गाडीत चढायचा. एकदा एका कामगाराने न तपासताच खूण केली, तेव्हा ह्याने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. विसरलास म्हणतोस, मग खूण कुणी केली? त्या माणसाचा चेहरा आता लख्ख आठवत होता आणि त्याचं उत्तरही — साहेब, मला वाटलं, केलंय.

मलाही तसंच वाटलं. वाटलं कसलं, आठवतंय मला — चिमट्याने एकेक छर्रा आत सोडला, वरून गोंद ओतला... की ते मागच्या विमानाचं?

त्याला भीती वाटली.

चार वाजता मुलगी त्याला डॉक्टरकडे न्यायला येणार होती. बायकोने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं: गॅस चालू राहिला, नळ वाहत राहिला, शेजाऱ्यांना एकच गोष्ट दोनदा सांगितली. राईचा पर्वत करते ही. त्यावर त्याचा बेत सोपा होता — विमान पुढ्यात ठेवायचं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला हे जमेल का? बोला आता.

रबर हाताशीच होतं. खूण खोडता आली असती. शेपटीखाली पारदर्शक काडी लावली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"अहो, आली हं ती," बायको बाहेरून म्हणाली.

त्याने विमानाच्या नाकावर बोट ठेवलं. ते तीन चाकांवर नीट उभं राहिलं.

"बाप रे, बाबा! हे तुम्ही केलंत?" मुलगी वाकून बघू लागली. "आणि आई उगाच..." ती थांबली. तिचा चेहरा सैल झाला होता. दोन महिने त्याला हेच तर बघायचं होतं. "हात काढा ना, फोटो घेते."

आपलं काम दुसऱ्या कुणी तपासावं, असं त्याला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि तिने ते तपासू नये असंही.

"काढतो," तो म्हणाला. डाव्या हाताने त्याने पत्रक आणि डबी तिच्याकडे सरकवली. "आधी हे बघ. तिसरी पायरी. मग छर्रे मोज."

तिने वाचलं, त्याच्याकडे पाहिलं. ती मोजू लागली. त्याचं बोट दुखायला लागलं होतं. तोही मनात तिच्याबरोबर मोजत होता, आणि आकडा ठाऊक असूनही पाचापाशी त्याला वाटलं — इथेच संपू देत छर्रे.