बरणीवरची चिठ्ठी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत कोणीही सांगेल. सुक्या मेव्याचं दुकान चालवायचं तर बोलावंच लागतं. माल आला की खोकं मागच्या दाराबाहेर, माल बरणीत आणि बरणीवर माझ्या हातची चिठ्ठी. मनुका रक्ताला, जर्दाळू पोटाला. क्रॅनबेरी तर माझी लाडकी, तिच्या चिठ्ठीत मी हृदयापासून डोळ्यांपर्यंत सगळं कोंबलं होतं. खोक्यावर काय छापलंय ते कोण वाचत बसतंय?

धाकटा भाऊ बस चालवायचा. त्याला मधुमेह निघाला तशी मी त्याची साखर, बिस्किटं सगळं बंद केलं आणि दर सोमवारी डबाभर क्रॅनबेरी द्यायला लागले. गोड खावंसं वाटलं की मूठभर तोंडात टाक म्हटलं, फळानं कधी कोणाचं वाईट झालंय का? तो बिचारा डबा इमानेइतबारे संपवायचा.

पण साखर काही उतरेना. डॉक्टर रागावले. मी तर त्याला त्याच्या बायकोसमोर धारेवर धरलं. चोरून खातोस आणि वर थापा मारतोस, असं म्हणाले.

"ताई, तुझ्या डब्याशिवाय मी गोडाला हात लावत नाही गं."

चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. चार वर्षं त्यानं हे ऐकून घेतलं.

मग त्याची नजर धूसर झाली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जे जे खाता ते घेऊन या. मी क्रॅनबेरीचं अख्खं खोकं तोऱ्यात उचलून नेलं. बहीण काय खाऊ घालते ते बघू दे की बाईंना! बाईंनी खोकं फिरवलं, बाजूची बारीक अक्षरं वाचली आणि ते माझ्यापुढे सरकवलं. आधी फळ, लगेच खाली साखर. फळ वाईट नाही, त्या म्हणाल्या, पण मुळात फार आंबट, म्हणून साखरेत मुरवून सुकवतात. यांच्यासाठी हा डबा म्हणजे साखरेचाच डबा.

"दुकान तुमचंच ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

त्याचं बस चालवणं सुटलं. आता दुपारी तो माझ्या दुकानात स्टुलावर बसून असतो. बाकीच्या चिठ्ठ्या मी बदलल्या, पण त्या बरणीला हात लावायचा धीर होत नव्हता. परवा त्यानंच ती उचलून नाकाजवळ धरली.

"ताई, यावर काय लिहिलंयस?"

मी वाचलं, "डोळ्यांसाठी उत्तम."

तो थोडं हसला. बरणी चाचपत जागेवर ठेवली.

"मग त्याखाली लिही, मी चोरून खात नव्हतो."

मी लिहिलं. चांगलं मोठ्या अक्षरांत लिहिलं. तरीही त्याला ते वाचता आलं नाही.