सोमवारी मशीन लावायची नाही

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन अंबरनाथ पश्चिमेला आमच्या तिसऱ्या मजल्यावर साडेसातच्या सुमारास पोहोचतं. आधी गॅलरीच्या जाळीवर येतं, मग दोरीवरच्या ओल्या पातळांतून झिरपत आत उतरतं आणि शेवटी धुण्याच्या मशीनच्या पांढऱ्या झाकणावर येऊन टेकतं. त्या झाकणावर, त्या उन्हात, माझ्या सासूबाईंचा हात असायचा. सावळा, हाडकुळा, पेरं सुजलेली, तळव्याला दोरखंडाचे जुने घट्टे. आत पाणी घुसळत असायचं, झाकण थरथरत असायचं, आणि गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा तो हात त्या थरथरीवर ठेवून आई उभ्या असायच्या. कपडे पिळून होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

त्यांचं सगळं आयुष्य बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वीस-पंचवीस घरांच्या पाड्यात गेलं. भातशेती, जळण, आणि ओढ्यावरून पाण्याच्या दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी. माझे यजमान गेले तेव्हा त्या दिवसकार्याला आल्या आणि धाकट्या दिरांबरोबर परत गेल्याच नाहीत. "तू एकली कशी ऱ्हाशील?" एवढंच म्हणाल्या. आपला मुलगा गेला होता, हे त्या बोलल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही. तीन वर्षं आम्ही दोघी एकमेकींचं दुःख न उघडता एका स्वयंपाकघरात वावरलो.

कृतज्ञता हा शब्द मी सत्कारसमारंभात ऐकलेला, हारतुऱ्यांबरोबर आलेला आणि त्यांच्याबरोबरच सुकलेला. आईंच्या तोंडी तो कधी आला नाही, पण त्यांची सकाळ त्यानेच भरलेली असे. सहाला नळाला बारवीचं पाणी यायचं, आधी पाइपात हवा खोकायची, मग धार लागायची, आणि आई ओंजळभर पाणी पिऊन तृप्त चेहऱ्याने सांगायच्या, "आमच्याकडचंच हाय गं!" श्रावणात पाणी जरा गढूळ आलं की मी नाक मुरडायची, त्या म्हणायच्या, वर पाऊस झाला असंल. ज्या पाण्यामागे त्या जन्मभर चालल्या, ते आता त्यांच्यामागे तीन मजले चढून येत होतं, याचं अप्रूप त्यांना रोज नव्याने वाटे. गॅस पेटला की धुराची सवय असलेले त्यांचे डोळे उगाचच मिचकत. मिक्सरला "पुरे रे बाबा, दमलास" असं म्हणून त्या बटण बंद करीत. फ्रिजची घरघर थांबली की हलक्या आवाजात सांगत, "निजला." मी हसायची. "आई, त्याला जाग पण तुम्हीच आणता का?" असं चिडवायची, आणि त्या पदर तोंडाला लावून माझ्याहून जास्त हसायच्या.

दसऱ्याला शेजारीपाजारी गाड्यांना, शिलाईमशीनांना झेंडूची फुलं वाहतात. आमच्यात तसलं काही नाही. सकाळची बुद्धवंदना तेवढी असते. आईंचं म्हणणं वेगळंच होतं. "फुलं घालून तिचं काय भलं व्हनार? येक दिस बसू दे की तिला." त्यांच्या पाड्यात सोमवारी बैल जुंपत नसत. कितीही घाई असो, आभाळ भरून आलेलं असो, सोमवारी बैलाच्या मानेवर जू पडायचं नाही. तोच नियम त्यांनी माझ्या घरात आणला आणि मशीनला लावला. इतर कुठल्याही वारी कपडे लावा, पण सोमवारी मशीन लावायची नाही म्हणजे नाही.

आता यातली गंमत अशी की, ज्या कारखान्याच्या कचेरीत मी काम करते, त्याची आठवड्याची सुट्टीच सोमवारी. चादरी, अभ्रे, गोधड्या, पडदे, सगळं मी त्या एका दिवसावर ढकललेलं. मी चादरींचा ढीग घेऊन उभी, आणि आई मशीनपुढे पाट टाकून बसलेल्या. "तुला आज सुट्टी हाय ना? मग तिला नको?" मी चिडचिड करत आत जायची, तोवर त्या चादरी मोरीत भिजवून स्वतः घासायला बसलेल्या असायच्या. मशीनला विश्रांती, आणि सत्तरी ओलांडलेली बाई धोपटणं घेऊन बसलेली! सांगा, डोकं फिरणार नाही तर काय?

एका सोमवारी फिरलंच. त्या सुमारास त्यांच्या हातातली पकड सुटत चालली होती. आदल्याच आठवड्यात आमटीचं पातेलं निसटलं होतं, आणि बराच वेळ त्या आपल्या बोटांकडे परक्यासारख्या बघत राहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांना पिळता न येणारी चादर मी हिसकावली, मशीनमध्ये कोंबली आणि ओरडले, "बैल नाही हो ते! बंद पडली तर भंगारात घालू, नवी आणू. मोडक्या वस्तूला कशाला जपत बसायचं?" तोंडातून निघून गेलं. आईंनी झाकणावरचा हात काढून घेतला. "खरं हाय," म्हणाल्या. एवढंच. मशीन पाण्याने भरली, घुसळली, पिळून झाली, थांबली.

पुढच्या रविवारी दीर आले आणि आई त्यांच्याबरोबर निघाल्या. रुसवा नाही, फुगवा नाही. भाताची कापणी आहे, चार दिवस जाते म्हणाल्या. जाताना नळ घट्ट बंद आहे ना ते तपासलं, मशीनवर फडकं घातलं. कापणी झाली, झोडणी झाली, चार दिवसांचे दोन महिने झाले. घर मला खायला उठायला लागलं. कचेरीतून आलं की फ्रिज घरघरतो आणि थांबतो, आणि तो निजल्याचं सांगणारं कुणी नसतं. सगळ्या सोयी जागच्या जागी होत्या, बटण दाबलं की कामाला लागत होत्या, आणि त्यांच्यामध्ये मी एकटी बसलेली असायची. आई परत याव्यात, बस, दुसरं मला काही नको होतं.

म्हणून एका सोमवारी मी मशीनवरचं फडकं तसंच ठेवलं आणि त्यांना आणायला निघाले. बदलापुराहून रिक्षा, सोनिवलीच्या नव्या इमारती मागे पडल्या, मग धरणाच्या कडेकडेने जंगलाचा रस्ता. आई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. हात मांडीवर, उताणे. मी त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"मशीन बरी हाय ना?" त्यांनी आधी हे विचारलं.

"बरी आहे."

"आज सोमवार ना? लावलीस?"

"नाही लावली, आई." आणि मग मला राहवलं नाही. "ते मी मशीनला म्हटलं होतं हो. तुम्हाला नाही. चला ना घरी. एका कामाला हात लावू देणार नाही मी."

त्या हसल्या. "काम नाय तर तिकडं काय करू गं, शालू? फ्रिजकडं बघत बसू?" मग समोरच्या पेंढ्यावरच्या चिमणीकडे बघत म्हणाल्या, "म्हाईत हाय मला, तू मशीनलाच बोललीस. पन हात म्हनतात, आता पुरे. तुझ्याकडं आले की ते कामाला धावतात, गप बसत नायत. हितं बसतात." माझा हात त्यांनी आपल्या उताण्या तळव्यांत घेतला. पकड नव्हतीच, नुसती ऊब होती. "मला नको जुपूस, बाय. आता माझा सोमवार हाय."

मी रडले, अगदी मोठ्याने. त्यांनी रडू दिलं, आणि निघताना पिशवीत नव्या भाताचे तांदूळ घातले.

वैशाखात त्या गेल्या. उन्हाला बसल्या होत्या, तशाच. अजून सहाला पाइपात हवा खोकते, धार लागते, आणि मी ओंजळभर पाणी पिऊन कुणाला तरी सांगते की हे आमच्याकडचंच आहे. बाकीचे सहा दिवस मशीन घुसळते, मी तिच्यावर हात ठेवून उभी राहते, आणि ज्यांनी माझं घर तीन वर्षं सोपं केलं त्यांना एकदाही "बसा हो, दमलात" म्हटलं नाही हे मला त्या थरथरीत कळत राहतं. सोमवारी मात्र आम्ही दोघी, मशीन आणि मी, काही न करता उन्हात बसतो. चालतो तो फक्त काळ, त्याला कुणी सोमवार दिलेला नाही, आणि माझ्या तळहातावरची त्यांची ऊब तो रोज थोडी थोडी घेऊन जातो.