बुजवलेली खांड

मी एक जुना चिखल आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. चिखल म्हटले की नाक मुरडायचे, एवढेच माणसांना ठाऊक. पण उरणच्या खाडीकाठी मी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांच्याही आधीपासून पडून आहे.

भरतीने मला थराथराने रचले. माझ्या अंगावर तिवरांची दाट झाडे होती. त्यांची पाने, मुळे माझ्यात गाडली जात. वर सतत खारे पाणी असल्याने हवा आत शिरत नसे, आणि हवेवाचून ती धड कुजतही नसत. असे शेकडो वर्षांचे रान मी पोटात सांभाळले. माझा काळा रंग त्याचाच.

मग माणसांनी बांध घालून समुद्र अडवला, तिवरे तोडली आणि माझ्यावर भात पिकवला. तेव्हा माझे कौतुक होते. पुढे बंदर आले, घरोघरी ट्रक आले, भात लावणे थांबले. वरून येणारा ओढा भरावाखाली गेला. मी वाळलो, भेगाळलो. भेगांतून हवा शिरली आणि जपलेले रान आतल्या आत कुजू लागले. त्याचा वायू होऊन वर जातो आणि तुमची हवा तापवतो. मला ते थांबवता येत नाही. फार वाईट वाटते.

दोन वर्षांपूर्वी उधाणाने बांध फुटला. अशा भगदाडाला इकडे खांड म्हणतात. खारे पाणी आत आले आणि मी अधाशासारखा प्यायलो! भेगा मिटल्या. वाहत आलेल्या बिया रुजून तिवरांची रोपे उभी राहिली. निवट्या, म्हणजे चिखलातल्या छोट्या मासळ्या, उड्या मारू लागल्या. शेजारच्या गावची कमळ त्या धरून बाजारात विकायची. बांधाकडे आता दुसरे कोणी फिरकत नसे, आणि खांडीबद्दल तिने कोणालाच सांगितले नाही.

तिचा सासरा बुधाजी जन्मभर बांध राखत आला होता. पण त्या उधाणाआधीच पाय मोडल्याने तो कित्येक महिने घरी पडून होता. बरा होताच काठी टेकत आला आणि खांड पाहून ओरडला, "खांड परली रं! धावा!"

खांड पडली की घरटी एक माणूस धावलाच पाहिजे, हा इथला जुना रिवाज. ट्रकवाले ट्रक सोडून आले. बुधाजीचा मुलगा गाडी घेऊन लांब गेला होता, म्हणून त्या घरातून कमळलाच यावे लागले.

"आबा, ऱ्हाऊ द्या ना," ती म्हणाली. "भात कोन लावतंय आता? मना इथं निवट्या मिलतान."

"माजे हयातीत बांध फुटका ऱ्हानार न्हाय," बुधाजी म्हणाला. "आपलेच घरचा मानूस मागं ऱ्हायला त लोक काय म्हनतीन?"

माझेच ओले गोळे कापून हातोहात खांडीत रचले गेले. कमळही रांगेत उभी राहिली. गोळे पुढे देताना ती रडत होती. ओहोटी संपायच्या आत खांड बुजली. "जमीन वाचली," असे म्हणून बुधाजीने मला हात लावून नमस्कार केला. त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणून तर मला त्याच्यावर रागावताही येईना.

आता रोपे काड्या झाली आहेत. माझ्या भेगा पुन्हा उघडल्या आहेत.

मित्रांनो, बांधामागे भात पिकत असेल तर तो जरूर राखा. पण मागे कोणीच काही पिकवत नसेल, तर खांड बुजवायला धावण्याआधी एकदा आत वाकून बघा. कोणीतरी पाणी पीत असेल.