दोन ओळींमधला वाइडनर

गॉटहिल्फ वाइडनरनं पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावच्या चर्चमध्ये आयुष्यभर ऑर्गन वाजवला, आणि गावानं त्याला असा काही विसरून टाकला की बोलायची सोय नाही. थडग्याच्या आडव्या दगडावर नाव होतं, तेही दोनशे वर्षांच्या पावसानं पुसलेलं.

चर्चच्या माळ्यावर त्याच्या हातचा एकुलता एक सोनाटा, वाजवायची मोठी रचना, सापडला, तेव्हापासून पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या लुएला फ्रायनं ध्यासच घेतला. मंडळीनं ते नाव पुन्हा कोरून घ्यावं, एवढंच बिचारीचं मागणं. पण चर्चच्या पंचांत अर्लन कुंकल होता, तिचा मावसभाऊ, जन्माचा अडेलतट्टू.

"चांगला असता तर आम्हाला ठाऊक नसता होय गं?" तो म्हणाला. "तुला आपलं कवटाळायला कुणीतरी मेलेलंच लागतं."

"जिवंत आहेत ते तुझ्यासारखे. मग काय करू?"

शेवटी ठरलं, रविवारी प्रार्थनेनंतर बाकांवर गोड पाव आणि कॉफी फिरते, तेव्हा तिनं वाजवून दाखवावं. मग पंच बघतील.

घरी पियानोवर ती तो सोनाटा झरझर वाजवायची. इथं जुन्या ऑर्गनच्या पट्ट्या दगडासारख्या जड, त्यात बोटं गारठलेली. पहिल्याच पानावर तिला कळलं, आज हे घोडं पळत नाही. मागं कप वाजत होते, कुणी कुजबुजत होतं. गेलं सगळं, तिला वाटलं. आपल्या हातानं आपण त्याला दुसऱ्यांदा पुरतोय. डोळे भरून आले, तरी ती भजनाच्या संथ लयीत रेटत राहिली.

दुसऱ्या पानावरचा एक छोटा तुकडा संपला आणि अख्खं चर्च गाऊ लागलं. संध्याकाळच्या भजनाची दुसरी ओळ, खड्या आवाजात.

लुएलाचे हात थांबले. गाणारेही ओशाळून गप्प झाले. त्या चर्चची रीतच तशी होती. भजनाची एक ओळ झाली की ऑर्गनवर एक तुकडा वाजायचा, तेवढ्यात लोक दम घ्यायचे आणि तो संपताच पुढची ओळ उचलायचे. ते तुकडे कुणी लिहून ठेवले नव्हते. एकानं दुसऱ्याला शिकवले, दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्यातलाच हा. घरी पळवत वाजवताना खुद्द लुएलालाही तो ओळखू आला नव्हता.

सगळ्यांत मोठा आवाज अर्लनचा होता, तोही तोंडात पाव असताना.

"हा तर आपला तुकडा," तो म्हणाला.

"वाइडनरचा," लुएला म्हणाली.

अर्लननं घास गिळला, कप खाली ठेवला.

"म्हणजे जन्मभर मी दम घेतला तो ह्याच्या जिवावर," तो म्हणाला. "पुढचं वाजव, लुएला. आणि दगडवाल्याला सांगू, अक्षरं जरा खोल काढ म्हणावं."