जुनी बेअरिंग, नवं झाकण

“हे झाकण नवं कामून आनलंस?” धम्मपाल मिस्तरींनी विचारलं.

“बॉनेट उघडलं की पयलं तेच दिसतं ना काका,” बन्सीधर खुशीत म्हणाला.

मिस्तरींनी कपाळावर हात मारून घेतला. ताडकळसच्या त्यांच्या गॅरेजात बन्सीधरच्या जीपचं इंजिन चार दिवसांपासून सुटं होऊन पडलं होतं. क्रँकचा दांडा ज्यांत फिरतो, ती बेअरिंग गेली होती. काय जुनं चालेल आणि काय नवंच लागेल, हे त्यांनी त्याला तीनदा समजावलं, एकदा तर कागदावर लिहून दिलं. ब्लॉक, हेड, क्रँक हे जाड लोखंड. मापात असलं तर जुनं खुशाल घ्यावं. बेअरिंग, रिंगा, बोल्ट मात्र नवेच. पठ्ठ्यानं नेमकं उलटं केलं. झाकण नवं, एअर फिल्टरचा डबा नवा, हॉर्नसुद्धा नवा. आणि बेअरिंग नांदेडच्या भंगारातली!

“चांगली हायेत की. मोबाईलवर एक जण अशीच बसवून दाखवायलाय.”

“त्या मोबाईलवाल्याच्या गाडीत साळंची चवदा लेकरं बसतात का?”

बन्सीधरची जीप रोज गावातली मुलं पूर्णेच्या शाळेत नेत असे.

“दुसऱ्यानं झिजवलेली चप्पल घालून चालतूस का तू? बेअरिंगचं तसंच हाय. पळत्या गाडीत इंजिन जाम झालं म्हंजे?”

“तुमी लय भेव दाखवायलाव काका. पूर्णेचा मिस्तरी बसवून द्यायला तयार हाय. बसवता का सांगा, न्हाईतर मी नेतो.”

महिनाभरात आलेलं हे एकच इंजिन. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात. मिस्तरींकडे येतात त्या पंक्चर झालेल्या मोटारसायकली. आता महिनाभर काळजी नाही, असं कालच त्यांनी बायकोला, रेणुकाला, सांगितलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढं काही तोंडातून निघेना, आणि त्यांना बन्सीधरपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

“जुन्या बेअरिंगवर मी इंजिन बांधत न्हाई. ने.”

बन्सीधरनं खरंच टेम्पो बोलावला. हाताला लागेल ते तो पोत्यात टाकू लागला. क्रँक जागेवर दाबून धरणाऱ्या पाच कॅपा फळीवर ओळीनं मांडल्या होत्या, तिकडे त्याचा हात गेला.

“ए, थांब!” मिस्तरी एवढ्या जोरात ओरडले, की टेम्पोवाला खाली उतरला.

“आता काय इंजिन अडवून धरता का काका?”

 पंच आणि हातोडी घेऊन मिस्तरी खाली बसले. पहिल्या कॅपवर एक ठिपका ठोकला, दुसरीवर दोन, असे पाचपर्यंत. ब्लॉकवरही ज्या त्या जागी तेवढेच.

“जिथली तिथंच बसली पायजे. अदलाबदल झाली तर चुकीची कॅप क्रँक खाऊन टाकील. सांग त्या मिस्तरीला.” त्यांनी क्रँकला तेल चोपडलं, फडक्यात गुंडाळून तो बन्सीधरच्या हातात दिला. “अन् म्हनाव, ती बेअरिंग एकडाव नीट बघ. लेकरांची गाडी हाय.”

“हाव, हाव,” म्हणत बन्सीधर टेम्पोत चढला.

दुपारी रेणुका डबा घेऊन आली. रिकाम्या फळीकडे तिनं पाहिलं. रोजच्यासारखा पाण्याचा तांब्या घेऊन ती वाकली. मिस्तरींनी हात पुढे केले. टेम्पो गेल्यावर सकाळीच ते धुतलेले होते, त्यानंतर काही काम आलं नव्हतं. तरी तिनं पाणी ओतलं, आणि तेही बराच वेळ हात चोळत राहिले.