कोरडी भिंत

लेकीचा, ठमीचा, ब्रश तिनं नणंदेच्या पेल्यात उभा केला, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि पुन्हा उचलून जागा बदलली.

"अगं, ओला कर तो," नणंद दारातून म्हणाली. "कोरडा ब्रश बघून सिस्टरना वाटेल, पोर चार वर्षांची झाली तरी दात घासत नाही."

"ताई, हसू नका. त्या येतीलच आता."

"मग काय रडू? सकाळपासून माझ्याच घरात मी पाहुणी झालेय."

तिनं ब्रश नळाखाली धरला. स्वेटर खुंटीला, उशी खिडकीजवळच्या पलंगावर, चपला दाराशी. काही राहिलं तर नाही ना, म्हणून ती पुन्हा सगळीकडे फिरली. गेल्या वर्षी दवाखान्याच्या फॉर्मवर तिनं नणंदेचा पत्ता घातला होता. मुलांच्या छातीचे डॉक्टर इकडच्याच दवाखान्यात बसत आणि नोंद फक्त इकडच्या रहिवाशांची होई. तिच्या राहत्या भागातल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा कुणीतरी येई आणि कुठल्याही खोकल्याला तेच लाल औषध देई. एका ओळीचं खोटं. ते लिहिताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं होतं. आता खोकला हटत का नाही ते बघायला त्याच डॉक्टरांनी सिस्टरना घर तपासायला धाडलं होतं.

सिस्टर धापा टाकत जिना चढून आल्या. पाणी प्यायल्या.

"ही झोपते कुठं?"

"इथं." तिनं उशीवर हात ठेवला.

सिस्टरनी पलंग ओढला. पिशवीतून ओल मोजायचं मोबाइलएवढं यंत्र काढून त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या. ठमी जवळ सरकली.

"भिंतीला इंजेक्शन?"

"हो. बघू, तुझ्यासारखी रडते का ती."

हिरवा दिवा लागला. चारी कोपऱ्यांत हिरवाच.

तिला स्वतःची खोली दिसत होती. लाँड्रीच्या मागची, नवऱ्याला नोकरीबरोबर मिळालेली. पलीकडे दिवसभर गरम पाण्यात धुणं चाले आणि अलीकडे भिंतीला घाम फुटे. ठमी त्याच भिंतीला पाठ लावून झोपे, ऊब लागते म्हणून. मालकाशी बोला म्हटलं की नवरा म्हणे, "मी खोलीबद्दल बोललो, की तो नोकरीबद्दल बोलेल."

"छान घर आहे हो," सिस्टर लिहीत होत्या. "ओल नाही, धूर नाही. रोज कसल्या कसल्या खोल्या बघते मी. नशीबवान आहात."

नणंदेनं तिला हळूच कोपरानं ढोसलं. जमलं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"घरात दोष नाही म्हटल्यावर आतच बघायला हवं. भूल देऊन घशातून नळी घालतात, छातीपर्यंत. घर ठीक निघालं तर पुढच्या आठवड्यात घेऊ, असं डॉक्टर म्हणालेच होते. घाबरू नका."

ठमी खोकली. आई मनात मोजत राहिली. सात वेळा.

सिस्टरनी चपला घातल्या. त्यांची पावलं जिन्यावर खाली खाली जाऊ लागली. तिनं उशीची सुरकुती नीट केली, पुन्हा केली. मग खुंटीवरचा स्वेटर ओढला.

"काय करतेयस?" नणंद कुजबुजली. "हातचा दवाखाना जाईल!"

"हो."

तिनं ठमीला कडेवर घेतलं, पायात येतील त्या चपला अडकवल्या आणि धावली.

"सिस्टर! थांबा!"

सिस्टर शेवटच्या पायरीवर थांबल्या. "काही राहिलं का?"

 तिनं स्वेटर पुढं केला. सिस्टरनी तो हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला, मग नाकाशी नेला. ओलीचा कुबट वास आला.

"खरं घर लांब आहे?"

"दोन बस बदलून."

सिस्टरनी रजिस्टर उघडलं. नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग पेन वर सरकलं आणि पत्त्याशी येऊन थांबलं. कडेवर ठमीची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"आधी भिंत दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

रजिस्टर त्यांनी मिटलं. पेनाला टोपण मात्र लावलं नाही.