पाठीतला कागद

वसतिगृहातल्या एका स्टुलाला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी कुणीतरी विटा रचल्या होत्या.

*

गव्हाच्या पिठाची खळ ओल्या फडक्याखाली वीस मिनिटांत सुटते. बाजारातला पांढरा डिंक सुटत नाही. सुटलाच तर कागद फाडून सुटतो.

*

आवक क्रमांक ४१२. विषय : तिसऱ्या मजल्यावरील दिवा बंद असल्याबाबत.

*

बाइंडरने गिऱ्हाईकाचं वाचायचं नसतं. मृत्युपत्र असो, प्रबंध असो की कुणाची जुनी पत्रं. बोटांना कागद कळला की झालं, पुढचं डोळ्यांनी विचारू नये.

*

वकीलबाईंनी चहाचा कप बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर तीन दारं काढली. अगदी कड्या-कोयंड्यांसकट.

"हे पोलिसांचं," त्या म्हणाल्या. "मुलीला खोलीत कोंडलं, तासन्‌तास स्टुलावर उभं केलं, हा गुन्हा आहे. कॉलेजला विचारायचीही गरज नाही. हे मधलं विद्यापीठाचं. तिथले चौकशी अधिकारी कॉलेजला जाब विचारू शकतात, हिचं वर्षही परत मिळवून देऊ शकतात. आणि हे कोर्टाचं. कॉलेजने लक्ष दिलं नाही, मुलीचं नुकसान झालं, त्याची भरपाई."

ठकीची आई खुर्चीच्या अगदी कडेला बसून दारांकडे बघत होती. तिचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी जोडली आहे हे आधी बघायची तिला सवय होती.

"आधी कुठलं उघडायचं?"

"तिन्हींवर एकदमच थाप मारता येते."

"आणि एकाने नाही म्हटलं तर बाकीची दोन बंद होतात?"

"नाही होत. वेगवेगळी आहेत ती."

"मग कॉलेज कशाला घाबरेल? त्यांना काय, तिन्हीकडे आम्हाला काही ठाऊकच नव्हतं म्हणायचं."

वकीलबाई हसल्या. "तुम्ही माझ्या आधी दुसरा कुठला वकील करून आलात की काय? तेच सांगत होते. कॉलेजला धरायचं तर प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न एकच. त्यांना कळवलं होतं का, आणि कधी."

दोघींनी ठकीकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, पण बसली होती अशी की खुर्चीत अजून एक जण मावला असता.

"दिली होती तक्रार," ठकी म्हणाली. "ऑफिसच्या खिडकीत. आवकवाल्या काकांनी रजिस्टरमध्ये लिहिली. मी पोच मागितली तर म्हणाले, शिक्का सापडत नाहीये, उद्या ये. नंबर तेवढा सांगितला. चारशे बारा. मी तळहातावर लिहून घेतला."

"तळहात आणलायस ना?" वकीलबाई म्हणाल्या. ठकी किंचित हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आईने मनात नोंदवलं.

*

चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होते. टेबलावर त्यांनी दोन चष्मे ठेवले होते, एक वाचायचा, एक माणसं बघायचा. समोर कॉलेजचे रजिस्ट्रार इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या मागे आवक-जावकचे कारकून काका, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून रजिस्टर निघालं.

अधिकाऱ्यांनी वाचायचा चष्मा लावला. "चारशे बारा. तिसऱ्या मजल्यावरील दिवा बंद असल्याबाबत."

"हेच म्हणत होतो, सर," रजिस्ट्रार म्हणाले. "मुलगी हळवी आहे. नव्या मुलींची थोडी थट्टामस्करी कुठे होत नाही? पण लेखी तक्रार आली असती, तर आम्ही काय गप्प बसलो असतो? ती स्वतःहून कॉलेज सोडून गेली. तसं आमच्या दप्तरी आहे."

"काका, तुम्ही लिहिलं होतंत," ठकी म्हणाली. "माझ्यासमोर."

काकांनी पिशवीची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "म्हणजे कॉलेजला कळवल्याचा पुरावा नाही, असं नोंदवावं लागेल."

वकीलबाई कागद चाळू लागल्या. त्या कागदांत काही नव्हतं हे आईला माहीत होतं. एक वाक्य लिहिलं जाणार, आणि ठकीचं वर्ष, तिचं नाव, तिचं खरं बोलणं, सगळं त्या वाक्याखाली जाणार.

पण आई पेनाकडे बघत नव्हती. ती रजिस्टरच्या पाठीकडे बघत होती. हिरवं कापड, डोक्याशी लाल पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला दुमडलेला एक छोटा कोपरा. हा कोपरा असा दुमडणारं माणूस तिच्या माहितीत एकच होतं.

"साहेब, जरा हात लावू?" ती म्हणाली. "वाचत नाही. नुसतं बघते."

"वाचलंत तरी चालेल," अधिकारी म्हणाले.

तिने ४१२चं पान उघडलं, बोट शिवणीपर्यंत नेलं आणि पान हलकेच वाकवून बघितलं.

"रजिस्टर शिवलेलं असतं, साहेब. एक ताव दुमडला की दोन पानं होतात. दोऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे त्याचं जोडीदार. हे पान दोऱ्यात नाही. कडेला खळ लावून चिकटवलंय. पलीकडचं बघा, एकटंच आहे, त्याच्या जोडीदाराची नुसती पट्टी राहिलीये इकडे."

अधिकाऱ्यांनी दुसरा चष्मा लावला, मग काढून पुन्हा पहिला लावला. "खरंच की. कुणी चिकटवलं?"

"मी."

रजिस्ट्रार वळून काकांकडे बघू लागले.

आईला तो दिवस आता नीट आठवला. काका धापा टाकत दुकानात आले होते, कुठल्या ऑफिसातून ते न सांगता. शाई सांडली हो पानावर, तेच सगळं नव्या पानावर उतरवून आणलंय, जुनं काढा, हे घाला, पाठही नव्याने बांधा. उद्या तपासणी आहे, संध्याकाळपर्यंत द्याच. तिने जुनं पान कापून काढलं होतं. त्यावर शाईचा डाग नव्हता. नव्हता हे तिच्या बोटांना कळलं होतं, कारण शाई प्यालेला कागद कडक होतो आणि हा मऊच होता. पण ती विचारत नसे. वडिलांनी तेच शिकवलं होतं.

"जुनं पान?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खराब झालेलं होतं," काका पहिल्यांदा बोलले. "रद्दीत टाकलं असेल बाईंनी."

"मी टाकत नाही," आई म्हणाली. "ज्या पुस्तकातून काढते त्याच्याच पाठीत आतून अस्तर लावते. एका वयाचा कागद एकसारखा आक्रसतो, मग पाठ फुटत नाही. वडीलही असंच करायचे. लोक हसायचे त्यांना."

अधिकारी पुढे झुकले.

"म्हणजे ते या रजिस्टरात आहे?"

"आहे. पाणी, फडकं आणि बोथट सुरी मिळाली तर वीस मिनिटं लागतील."

"सर, ही कॉलेजची मालमत्ता आहे," रजिस्ट्रार म्हणाले. "अशी फाडून—"

"फाडत नाहीये. सोडवतेय. पुन्हा बांधून देईन, आहे त्याहून चांगलं."

काका उठायला लागले. अधिकारी म्हणाले, "बसा हो. मलाही बघायचंय."

शिपायाने पाण्याचं भांडं आणलं, कुणाच्या तरी डब्यातली लोणी लावायची सुरी आणली. आईने कापड उचकटलं आणि पाठीवर ओलं फडकं ठेवलं. मग वीस मिनिटं खोलीत करण्यासारखं काही उरलं नाही. अधिकारी खळ कशी करतात ते विचारत राहिले. मोरचूद कशाला घालता? किडे लागत नाहीत. अक्षर धुऊन जाणार नाही ना? बॉलपेन आहे, साहेब, त्याला काही होत नाही. वकीलबाई आईच्या कानाशी वाकल्या.

"आधी नाही का सांगायचंत?"

"मला तरी कुठे माहीत होतं? वाचलं नव्हतं ना."

पाठ बोटभर रुंद, म्हणून पान उभ्या पट्ट्या कापून लावलेलं होतं. पहिली पट्टी सुटली ती क्रमांकांची. आईने ती टेबलावर पसरली. चारशे सात, आठ, नऊ. दुसरी तारखांची. तिसरी कुणाकडून आलं त्याची; तिच्यावर सहाव्या ओळीत ठकीचं पूर्ण नाव होतं, काकांच्या गोल अक्षरात. ठकी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

चौथी पट्टी चिवट निघाली. आईने तिच्यावर श्वास सोडला, सुरीची पाठ आत सरकवली, थांबली, पुन्हा सरकवली. टेबलाभोवती सगळे वाकले होते, रजिस्ट्रारसुद्धा.

अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचलं. "चारशे बारा. वसतिगृहात ज्येष्ठ विद्यार्थिनींकडून होणाऱ्या छळाबाबत." त्यांचं बोट खाली सरकलं. "चारशे पंधरा. वरील चारशे बाराप्रमाणे. चारशे सोळा. वरीलप्रमाणे." त्यांनी नव्या पानाकडे पाहिलं. तिथे पंधरावर नळ होता, सोळावर खिडकीची काच. "फारच पडझड होत होती हो तुमच्याकडे, रजिस्ट्रारसाहेब."

"मला जे लिहून दिलं ते मी उतरवलं," काका म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिले.

ठकीचं बोट तिसऱ्या पट्टीवर चारशे पंधराशी थांबलं होतं.

"ही शेजारच्या खोलीतली," ती म्हणाली. "मला वाटायचं ही त्यांच्यातलीच. मला उभं करायच्या तेव्हा ही दारात असायची. स्टुलाखाली विटा हिनेच लावल्या होत्या. ते हलू नये म्हणून."

वकीलबाईंनी नवा कागद घेतला आणि दोन नावं उतरवून घेतली. अधिकाऱ्यांनी मघाचं पेन पुन्हा उचललं, लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता विचारलं, "या पट्ट्या वाळायला किती वेळ लागेल?"

"पंख्याखाली अर्धा तास," आई म्हणाली. ती तारखांची पट्टी सरळ करत होती. सरळच होती ती, तरी पुन्हा पुन्हा करत होती. "आता वाचलं तर चालेल ना?"

"तुम्हीच वाचा," अधिकारी म्हणाले.

तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, बोट ठेवून, एकही ओळ न गाळता.

*

काकांनी आणलेलं ते रजिस्टर पहिल्यांदा बांधायला घेतलं त्या दुपारी वसतिगृहातून ठकीचा तीनदा फोन आला होता. हाताला खळ होती म्हणून आईने उचलला नव्हता.